सरकारचा सात दिवसांचा उपवास



२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सरकार बंद पडलं होतं, ते आठवतं ना? १ ऑक्टोबरला जे बंद झालं, ते १२ नोव्हेंबरला उघडलं. तब्बल ४३ दिवस. आपली दिवाळी आली, महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाला, भाऊबीजही झाली, तरी तिकडचं सरकार बंदच. आमच्या आत्याबाई (म्हणजे सासूबाई) रोज टीव्हीपुढे बसून विचारायच्या, "अगं, उघडलं का त्यांचं?" जणू शेजारच्या किराणा दुकानाचं शटर.

तिकडे हे कसं होतं, ते मी त्यांना समजावून सांगितलं. तिकडच्या संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, की सरकारी कचेऱ्यांना पैसाच मिळत नाही. मग काही कर्मचाऱ्यांना घरी बसवतात, काहींना बिनपगारी कामावर बोलावतात. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माणसं यायला तयार, पण सरकारपाशी पैसे नाहीत. आपल्याकडे उलटं झालं होतं की! सरकार तयार, पण माणसंच आली नाहीत."

त्या बोलल्या त्या आठवड्याबद्दल आज लिहायचं आहे. आपल्या महाराष्ट्राचं सरकार सात दिवस उपाशी होतं तो आठवडा. १४ मार्च २०२३ ते २० मार्च २०२३.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरात कुणी ना कुणी त्या संपात असेलच. राज्य सरकारी, निमसरकारी कर्मचारी, शिक्षक मिळून सतरा-अठरा लाख माणसं संपावर आहेत, असं तेव्हा सांगत होते. मागणी एकच, "एकच मिशन, जुनी पेन्शन." १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीला लागले, त्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनीत निवृत्त झाल्यावर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे पैसे आणि वर महागाई भत्ता, तोही जन्मभर. नव्या योजनेत पगारातून दहा टक्के कापतात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि ते पैसे बाजारात गुंतवतात. शेवटी हाती काय येईल, ते बाजार ठरवणार.

आमच्या घरात या संपाच्या सगळ्या बाजू एकाच पंगतीला बसतात. मामंजी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांना जुनी पेन्शन. धाकटी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, २००५ नंतरची, म्हणून तिला नवी. आमच्या यांचं कचेरीसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, म्हणजे पेन्शनच नाही, ना जुनी ना नवी. आणि माझं म्हणाल तर गृहिणीला निवृत्तीच नसते, मग पेन्शन कुठली?

संपाच्या आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसलो, तेव्हा हाच विषय. हे म्हणाले, "बाजारातले पैसे वाढतात गं. लांबचा विचार केला तर फायदाच असतो." जाऊ म्हणाली, "भाऊजी, माझं म्हातारपण शेअर बाजारात ठेवलंय. बाजार पडला तर माझं म्हातारपण थोडं पुढं ढकलता येईल का?" यावर यांनी मुकाट्याने भाकरी मोडली. मामंजी काही बोलले नाहीत. त्यांची पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होते आणि त्यातूनच घराचं दूध, औषधं आणि नातवंडांचे हट्ट पुरवले जातात. ज्याचं पोट भरलेलं असतं, त्याने उपवासावर बोलू नये, एवढा विवेक त्यांच्याकडे आहे.

आत्याबाईंना मात्र संपाचं कौतुक नव्हतं. १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा मोठा संप झाला, तेव्हा मामंजी नवे नोकरदार होते आणि आत्याबाई नव्या सूनबाई. "दोन महिने पगार नाही," त्या सांगतात. "शेतातली ज्वारी होती म्हणून भाकरी मिळाली. वाण्याने उधारी दिली, कारण तो मंदिरात आमच्या शेजारी बसायचा. ते सगळं निभावलं. पण हे चोपन्न दिवस घरात बसून माझ्या स्वयंपाकात काय कमी आहे ते बघायचे, ते निभावणं अवघड होतं. सात दिवसांचं काय सांगता मला?"

पहिल्या दिवशी, मंगळवारी, सगळ्यात जास्त धंदा आमच्याच दुकानात झाला. संपवाल्यांची निवेदनं, मागण्यांची पत्रकं, सह्यांचे कागद, सगळ्याच्या झेरॉक्स. घरी आल्यावर हे खुशीत होते. म्हणाले, "असा संप दर महिन्याला व्हावा." बुधवारी निवेदनं संपली. गुरुवारी दुपारपर्यंत दुकानात फक्त एक मुलगा आला, तोही पेनात रिफील घालून मिळेल का विचारायला. तेव्हा यांना कळलं की आपला सगळा संसार समोरच्या इमारतीतल्या शिक्क्यांवर चालतो. सातबारा, दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्जाच्या तीन प्रती, आधारकार्डाच्या दोन प्रती, आणि पहिली प्रत पुसट आली म्हणून आणखी एक. शिक्का थांबला, की मशीन थांबलं.

गंमत म्हणजे कचेरी बंद आहे हे माहीत असूनही लोक येत होते. सवय! खेड्यावरून सकाळच्या एसटीने यायचं, फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसायचं, चहा घ्यायचा, दुपारच्या एसटीने परत. एका आजोबांना यांनी विचारलं, "बाबा, संप आहे, माहीत नाही का?" तर म्हणाले, "माहीत आहे की. पण उद्या मिटला आणि मी पाठीमागं राहिलो तर?" म्हणजे रांग नव्हती, पण रांगेतला नंबर होता.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्या आठवड्यात सगळ्यांना एकच उत्तर मिळत होतं. पांढऱ्या गाडीतून आलेल्या पुढाऱ्याला आणि आमच्या गल्लीतल्या डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीला, दोघांना तेच, "बंद आहे." वशिला नाही, ओळख नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. समता म्हणतात ती हीच असावी.

घरात जाऊबाई. तिची शाळा बंद, त्यामुळे सकाळी धरणं, घोषणा, डोक्यावर ती पांढरी टोपी, आणि दुपारी घरी. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मार्च महिन्यात ती दुपारी घरी होती. पहिल्या दिवशी तिने माझी फडताळं आवरली. दुसऱ्या दिवशी मला माझंच जिरं सापडेना. तिसऱ्या दिवशी तिने शेजारची चार लेकरं गोळा केली आणि ओसरीवर पाढे म्हणवून घ्यायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "संप आहे ना गं तुझा?" ती म्हणाली, "शाळेचा आहे, आत्याबाई. पाढ्यांचा नाही."

ती एरवी म्हणायची की सामायिकाला वेळच मिळत नाही. ४८ मिनिटं शांत बसायचं म्हणजे कुठून आणायची ४८ मिनिटं? त्या आठवड्यात तिला ती मिळाली. पण पहिल्याच दिवशी सामायिक करून उठली आणि म्हणाली, "ताई, ४८ मिनिटांपैकी ४० मिनिटं मी 'काम नाही तर वेतन नाही' या परिपत्रकाचा विचार केला." मी म्हटलं, "उरलेली आठ?" म्हणाली, "आठ मिनिटं घराच्या हप्त्याचा."

आम्ही दोघी खूप हसलो. पण तुम्ही नीट बघितलंत तर हसण्यासारखं त्यात थोडंच होतं. सात दिवसांचा पगार कापला जाणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. घरात एक पगार आणि त्यावर एक कर्ज असलेल्यांनी तो आठवडा कसा काढला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गुरुवारी, १६ मार्चला, फाल्गुन वद्य नवमी होती. आपल्या पहिल्या तीर्थंकरांची, भगवान आदिनाथांची जयंती. सकाळी मंदिरात अभिषेक झाला, पाळणा हलवला, आणि मग आमच्याकडे स्वाध्याय घेणाऱ्या एका वयस्कर ताईंनी दरवर्षीप्रमाणे आदिनाथांची कथा सांगितली. दरवर्षी आपण ती ऐकतो. कल्पवृक्ष संपत आले, लोकांना आयतं मिळेना, तेव्हा ऋषभदेवांनी माणसाला जगण्याची सहा कामं शिकवली. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. असि म्हणजे तलवार, रक्षणाचं काम. कृषि म्हणजे शेती. विद्या, व्यापार आणि कारागिरी तर कळतातच. आणि मसि म्हणजे शाई. लिहिण्याचं काम.

लहानपणापासून मी ही यादी पाठ म्हणत आले. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष 'मसि' या शब्दावर अडलं. समोर बसलेली माझी जाऊ, तिच्या शेजारी बांधकाम खात्यातल्या एक बाई, मागे आरोग्य खात्यातल्या एक ताई. सगळ्या संपावर. आदिनाथांच्या जयंतीलाच राज्यभरातली शाई वाळत पडली होती. मी जाऊच्या कानात सांगितलं, "सहातलं एक कर्म बंद आहे गं आज." ती म्हणाली, "ताई, विद्यापण मीच बंद ठेवलीय. दोन मोजा."

मला वाटायचं, बाकीची पाच कामं खरी, मसि आपली उगाच. धान्य पिकतं ते दिसतं, भांडं घडतं ते दिसतं. कागदावर शाईने काढलेल्या ओळींनी काय पिकतं? याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं.

शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं. मार्चमधलं आभाळ आपल्याकडच्या माणसाला आवडत नाही. मराठवाड्यात त्या आठवड्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या, तशा आमच्याकडेही झाल्या. आमच्या अंगणात गारा वाजायला लागल्या तेव्हा लेकरं वेचायला धावली आणि मामंजी खुर्चीतून उठून ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. त्यांना गारा दिसत नव्हत्या, गहू दिसत होता.

आमचं थोडं शेत आहे, ते निम्मे बटईने एक वाटेकरी करतात. खर्च निम्मा, माल निम्मा. त्या वेळी गहू काढणीला आलेला आणि हळद शिजवून वाळत घातलेली होती. आपल्या घरात ओली हळद कंदमूळ म्हणून आणत नाहीत, वाळली की मग चालते. त्यामुळे ती वाळण्याची वाट आमच्याइतकी कोण बघत असेल? पण शिजवलेल्या हळदीला दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. मध्येच भिजली की रंग जातो, आणि रंग गेला की वसमतच्या बाजारात भाव जातो. गहू तर आडवाच झाला.

शनिवारी सकाळी वाटेकरी दारात आले. मामंजींना ते अजून भाऊसाहेबच म्हणतात, तलाठ्याला म्हणतात तसं. म्हणाले, "भाऊसाहेब, पंचनाम्याला कधी येतील?"

मैत्रिणींनो, शहरात राहणाऱ्या ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिकाचं नुकसान झालं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून शेतावर जाऊन पंचनामा करायचा असतो. किती क्षेत्र, कोणतं पीक, किती टक्के गेलं. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त गेलं असेल तर मदत. पंचनामा नाही तर मदत नाही. शेत डोळ्यांपुढे आडवं पडलेलं असलं, तरी सरकारच्या वहीत ते उभंच असतं. आणि ते तिघेही त्या आठवड्यात संपावर. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, तिथेही हाच प्रश्न निघाला, की पंचनामे करायचे कुणी?

दारात वाटेकरी उभे, आणि आतून धाकटी जाऊ धरण्याला निघालेली, हातात ती टोपी. दोघं समोरासमोर आले. त्यांनी रागाने नाही, अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, तुमचं मिटलं की मग आमचं बघतील ना?"

तिला काही बोलता येईना. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. साठीनंतर हाती काय येईल हे माहीत नसताना आयुष्यभर दुसऱ्याची लेकरं शिकवायची, हे सोपं नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. भिजलेला गहू शेतात ठेवला तर कोंब फुटणार, आणि काढला तर पंचनाम्याला येणारे विचारणार, नुकसान कुठे आहे? हे दोघंही एकच मागत होते, की आमचं कुठेतरी लिहून ठेवा. तिला तिचं म्हातारपण लिहून हवं होतं आणि त्यांना त्यांचा गेलेला गहू. आणि एकाचं लिहून मिळावं म्हणून दुसऱ्याचं लिहिणं थांबलं होतं.

आपण अनेकान्त म्हणतो, प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात म्हणतो. प्रवचनात ते फार गोड वाटतं. दारात उभ्या असलेल्या दोन माणसांच्या रूपाने ते आलं की घशात अडकतं.

मामंजींनी आत जाऊन चष्मा आणला. मग त्यांनी माझ्याकडे नातवाची जुनी वही मागितली आणि सुनेला म्हणाले, "टोपी ठेव बाजूला अर्धा दिवस. चल, शेतात जाऊन येऊ."

ती म्हणाली, "मामंजी, मी संपात आहे. लेखणी बंद आहे माझी."

"सरकारची बंद आहे," ते म्हणाले. "ही आपल्या घरची वही आहे."

दोघं गेले. परत आले तेव्हा दुपार झाली होती, चपला चिखलाने भरलेल्या. वहीत जाऊच्या सुरेख फळ्यावरच्या अक्षरात सगळं लिहिलेलं. गट नंबर, क्षेत्र, गहू किती, किती आडवा, हळद किती पसरलेली होती, किती भिजली, पाऊस किती वाजता आला, गारा किती वेळ. खाली वाटेकऱ्याची सही, शेजारच्या शेतकऱ्याची सही, मामंजींची सही. जाऊने मोबाईलवर फोटो काढले होते. एका फोटोत मामंजी आडव्या गव्हात उभे आहेत, काठी टेकून, अगदी चाळीस वर्षांपूर्वी उभे राहत असतील तसे.

मामंजींनी वाटेकऱ्यांना स्पष्ट सांगितलं, "याला सरकारी किंमत नाही. शिक्का नाही यावर. पण तुम्ही गहू काढून घ्या, उरलेला तरी वाचेल. विचारलं तर फोटो दाखवू."

त्या संध्याकाळी आणखी तीन शेतकरी आले. "भाऊसाहेब, आमचंही लिहा की." रविवारी बाकीची वही भरली. आत्याबाई मला म्हणाल्या, "बघ, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी माणूस कामावर रुजू झाला. आणि हिचा संप, तर ही कारकून झाली. या घरात काही सरळ होत नाही."

सोमवारी, २० मार्चला, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी होऊन संप मागे घेतला गेला. सरकारने पेन्शनचा अभ्यास करायला समिती नेमली होती, तिच्या अहवालावर निर्णय घेऊ असं ठरलं. मंगळवारी कचेरी उघडली. यांच्या दुकानात एवढी गर्दी, की मशीन तापलं. लिंबाखालचे आजोबा सगळ्यांत पुढे होते. आणि बुधवारी? बुधवारी गुढीपाडवा, सुट्टी! सात दिवसांच्या उपवासाचं पारणं केलं आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा उपवास.

पाडव्यानंतर पंचनाम्याला माणसं आली. दमलेली होती बिचारी. सात दिवसांचं काम साचलेलं आणि प्रत्येक गावातून फोन. गहू काढलेला होता. त्यांनी विचारलं, तेव्हा वही आणि फोटो पुढे केले. वहीवर त्यांना काही लिहिता येत नव्हतं, पण ती बघून त्यांना त्यांच्या कागदावर लिहिता आलं.

एक गोष्ट मात्र पंचनाम्यातही लिहिली गेली नाही. सातबारा मामंजींच्या नावावर, म्हणून नुकसान मामंजींचं. बटईने करणाऱ्याचं नाव त्या कागदात कुठेच येत नाही. त्याचा निम्मा खर्च, निम्मे कष्ट, निम्मी भिजलेली हळद, पण सरकारच्या शाईला तो दिसत नाही. हे त्या एका कचेरीचं नाही, सगळीकडे असंच आहे. पुढे मदत आली, नुकसानीच्या मानाने थोडीच, ती मामंजींच्या खात्यात आली. त्यांनी ती नातवाची वही काढली, वाटेकऱ्यांना बोलावलं, आणि निम्मे पैसे मोजून दिले. वहीत तसं लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. अचौर्य व्रत म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून न चोरणं एवढंच असतं, तर ते किती सोपं झालं असतं! जे आपल्या नावावर चुकून येतं पण खरं दुसऱ्याचं असतं, ते त्याच्याकडे पोचवायचं, तिथे कस लागतो.

पेन्शनचं पुढे काय झालं, तेही सांगते, नाहीतर जाऊबाई रागावतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. त्यात ठराविक सेवेनंतर निम्म्या पगाराची हमी आहे. ती जुनीसारखी आहे की नव्यासारखी, यावर आमच्या पंगतीत अजून वाद होतो. हे म्हणतात चांगली आहे, ती म्हणते अटी वाचा. मामंजी अजूनही गप्प राहून भाकरी खातात.

आदिनाथांच्या कथेचा शेवटचा भाग तुम्हाला आठवत असेल. सहा महिन्यांच्या उपवासानंतर भगवान आहारासाठी निघाले. लोक धावून आले, कुणी हत्ती दिले, कुणी रत्नं, कुणी वस्त्रं. पण मुनींना आहार कसा द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळं समोर असून ते उपाशीच पुढे जात राहिले. शेवटी हस्तिनापूरला राजा श्रेयांसाला पूर्वजन्माच्या स्मरणाने विधी आठवला आणि त्याने उसाचा रस दिला. ती अक्षय्य तृतीया.

या कथेत कुणी दुष्ट नाही. देणाऱ्यांकडे भरपूर होतं, घेणाऱ्याला थोडंच हवं होतं, मध्ये फक्त रीत माहीत असलेला एक माणूस नव्हता. आपण कचेरीतल्या कारकुनाला, तलाठ्याला, मास्तरणीला नावं ठेवतो, आणि कधी कधी ती ठेवण्यासारखी असतातही. पण ज्याच्याकडे आहे आणि ज्याला हवं आहे, त्या दोघांच्या मध्ये वही घेऊन उभं राहणारं माणूस तेच. ते नसलं की हत्ती आणि रत्नं दारात येतात, पण ओंजळ रिकामी राहते.

नातवाची ती वही आता आमच्या देवघराच्या खालच्या फडताळात, स्तोत्रांच्या पुस्तकांशेजारी आहे. अर्ध्या पानांवर त्याचे भूमितीचे त्रिकोण आहेत आणि अर्ध्या पानांवर चार शेतांतला गहू. यंदा बटईचा हिशेब त्यातच लिहिला. पहिल्या ओळीत वाटेकऱ्यांचं पूर्ण नाव आहे, जाऊबाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात.

जय जिनेंद्र.